तेलाचा दाब शून्य

४ फेब्रुवारी, बुधवार. वाशी, आमचं गाव

परवा आले. आईने विचारलं, किती दिवस. म्हटलं, माहीत नाही. नोकरीच्या बारा वर्षांत हे उत्तर तिला पहिल्यांदा दिलं. तिने भाकरी उलटली.

कंपनीचं पत्र: चौकशी पूर्ण होईपर्यंत उड्डाणाचं काम दिलं जाणार नाही.

काय झालं ते एकदा लिहून ठेवते. सांगून सांगून त्याचा आकार बदलायला लागला आहे.

१७ जानेवारी, सकाळ. मोठं विमान, तीनशे माणसं बसलेली. विमान मागे ढकलून झालं होतं. डावीकडे कॅप्टन, उजव्या खुर्चीत मी, फर्स्ट ऑफिसर. उजवं इंजिन सुरू करायचं. मी सिलेक्टर ‘स्टार्ट’वर फिरवला. कॅप्टननी इंधनाचा स्विच उचलून ‘रन’वर टाकला. पुढचं ऑटोस्टार्ट करतं. हवा सोडतं, इंजिन फिरवतं, ठिणगी देतं, इंधन देतं. इंजिन पेटलं. फेरे चढले, स्थिर झाले. सगळे आकडे जागेवर. तेलाचा दाब शून्य.

मी म्हटलं, ऑइल प्रेशर. कॅप्टन खाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या इंजिनियरशी बोलत होते. पुन्हा म्हटलं, ऑइल प्रेशर नाही. ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, ऑटो आहे, बघेल ते.

मी स्विच उचलून ‘कटऑफ’वर टाकला. इंजिन बंद. उड्डाण रद्द.

तपासात निघालं की दाब होता. दाब दाखवणारा सेन्सर गेला होता. इंजिन ठणठणीत.

म्हणून मी दोषी.

५ फेब्रु.

मॅन्युअल सोबत आणलंय. ती पानं पुन्हा वाचली. इंजिन सुरू होताना फार तापलं तर ऑटोस्टार्ट स्वतः इंधन तोडतं, कोरडं फिरवून थंड करतं, पुन्हा प्रयत्न करतं. पेटलंच नाही तरी तसंच. तेलाचा दाब ते बघत नाही. तो वैमानिकाने बघायचा. इंजिन स्थिर झालं आणि दाब दिसत नसेल तर वैमानिकाने बंद करायचं. तेल फिरत नसलेलं इंजिन मिनिटभरात स्वतःला खातं.

एवढं साधं लिहिलेलं. कॅप्टनना माहीत आहे. ऑपरेशन्सच्या साहेबांना माहीत आहे. चौकशी करणाऱ्या तिघांना माहीत आहे. मला हे साहेब आणि ते तिघे अशा चार जणांना समजावून सांगावं लागलं आणि चौघांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला: पण तुम्हाला स्विचला हात लावायला सांगितलं कोणी?

६ फेब्रु.

व्हॉट्सॲपवर फिरतंय. ‘वाशीच्या कन्येकडून चुकून विमान बंद.’ खाली हात जोडलेले, खाली दोन हसरे चेहरे. कोणी टाकलं कळत नाही. सगळ्यांना दुसऱ्याकडून आलंय.

शेजारच्या कमलमावशी ताक न्यायला आल्या. आईला म्हणाल्या, “लेकीनं इमान बंद पाडलं म्हणं?”

आई: “पाडलं न्हाय. बंद केलं.”

“तेच की.”

“तेच न्हाय. तुमी गॅस बंद करता का पाडता?”

मावशी ताक न घेता गेल्या. भांडं इथंच राहिलं.

७ फेब्रु., शनि.

साहेबांचा मेल. सोबत मजकूर तयार करून पाठवलाय. मी फक्त सही करायची. मुदत २८ तारखेपर्यंत. सही केली तर सहा आठवडे पुन्हा प्रशिक्षण, मग उड्डाण. नाही केली तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे. ‘त्याचा निर्णय काहीही असू शकतो.’ हे वाक्य त्यांनी वेगळ्या परिच्छेदात ठेवलंय.

मजकूर इंग्रजीत, अडीच ओळी. माझ्यापुरता मराठीत: तेलाच्या दाबाची नोंद चुकीची असताना मी घाईने आणि कॅप्टनच्या आदेशाशिवाय इंधनाचा स्विच बंद केला, याबद्दल मला खेद आहे.

आदेशाशिवाय, खरं. आदेश दोनदा मागितला हे कुठेच नाही. आणि घाईने.

हा शब्द माझ्या फाइलमध्ये गेला की डावी खुर्ची गेली. जूनमध्ये कॅप्टनच्या चाचणीला माझं नाव होतं. घाईने स्विच बंद करणाऱ्या बाईला तीनशे माणसं कोण देईल. मीही देणार नाही.

८ फेब्रु.

काही लिहिण्यासारखं नाही. राग आहे. तो लिहून होत नाही.

९ फेब्रु., सोम.

रानात गेले. आप्पा विहिरीवर होते. चुलत्याने विचारायचं ते सगळं त्यांनी एका दमात विचारलं. “जेवलीस का, आन् काढलं का कामावरनं?”

“जेवले. काढलं नाही अजून.”

“मंग बस.”

या आठवड्यात दिवसाची लाईट आहे. मोटारीच्या पेटीला ऑटो बसवलेला दिसला, पण त्याच्या वायरी तोडलेल्या. विचारलं. गेल्या उन्हाळ्यात सगळे सोनारीला भैरवनाथाला गेले होते, ऑटो लावून. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होईल, आल्यावर रान भिजलेलं असेल. लाईट आली. मोटार सुरू झाली. पाइपाच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या फुटव्हॉलमधून पाणी रात्रीच खाली उतरलं होतं. मोटार चार तास कोरडी फिरली आणि जळाली.

“नारळ फोडून आलो तर हितं वास.”

मी म्हटलं, ऑटो खराब होता का.

“ऑटो चांगलाच की. त्येनं त्येचं काम केलं. ऑटोला लाईट आलेली कळती. पानी न्हाय कळत.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. स्विच, तेल, शून्य, बघेल ते. त्यांनी मधे एकदाच थांबवलं. “तुमच्या त्या ऑटोला तेल कळतच न्हाय?”

“नाही.”

“आन् त्या क्याप्टनाला हे ठावं हाय?”

“आहे.”

आप्पा तंबाखू मळत म्हणाले, “मंग त्येला घरी बसवायचं सोडून तुला का बसवलंय?”

चौकशीच्या तीन बैठकांत हा प्रश्न कोणी विचारला नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला लागलेली वेळ: एक चिमूट.

११ फेब्रु.

शाळेने बोलावलं, माझ्या जुन्या. नाही म्हणायला हवं होतं. शाल, नारळ, माझा युनिफॉर्ममधला फोटो मोठा करून लावलेला. मुख्याध्यापक प्रस्तावनेत म्हणाले की आता विज्ञान इतकं पुढे गेलंय की एक बटण दाबलं, विमान सुरू.

मी मुलींना सांगितलं, बटण नसतं. हाताच्या बोटाएवढा स्विच असतो. तो आधी वर उचलायचा, मग हलवायचा.

नववीतली एक उभी राहिली. “मॅडम, उचलायचा कशाला? नुसता हलवला तर?”

“नुसता हलतच नाही. खाच असते. कोणाची बाही अडकून, कोपर लागून इंजिन बंद होऊ नये म्हणून तसा केलाय. बंद करणाऱ्याने ठरवून बंद करावं लागतं.”

“म्हणजे चुकून होतच नाही?”

“चुकून नाही होत.”

चहाच्या वेळी मुख्याध्यापकांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली. “मॅडम, आपल्यातच राहील. ते तुमचा हात चुकून लागला होता ना?”

हा माणूस दहा मिनिटांपूर्वी पहिल्या रांगेत बसला होता.

शाल कमलमावशींना दिली. भांडंही परत केलं, ताक घालून. बोलल्या.

१४ फेब्रु.

कॅप्टनचा फोन. पहिल्यांदाच. आवाज मोकळा, जुना.

म्हणाले, सही करून टाक. सहा आठवडे. मीही तरुणपणी एकदा अशी सही केलेली आहे, कोणाला आठवतंय आज.

मी विचारलं, सर, मी दोनदा बोलले ते तुम्ही लिहिलंत का.

म्हणाले, मी खालच्याशी बोलत होतो. मला नक्की आठवत नाही. जे आठवत नाही ते कसं लिहू.

मी विचारलं, आणि ‘ऑटो आहे, बघेल ते’?

म्हणाले, “तू साहित्यवाली. एकेका शब्दाला धरून बसतेस. कॉकपिटमध्ये शब्द नसतात, काम असतं.”

एम.ए. मराठीवर नोकरीच्या मुलाखतीतही हसले होते. तेव्हा मीही हसले होते. बारावीचं गणित, फिजिक्स एम.ए. नंतर घरी बसून केलं. त्यावर कोणी हसलं नव्हतं, कारण ते कोणी विचारलं नव्हतं.

कॉकपिटमध्ये शब्दच असतात. ठरलेले, मोजके. मी म्हणायचं, त्यांनी ऐकायचं. त्यांनी म्हणायचं, मी ऐकायचं. ऑइल प्रेशर हे दोन शब्द मी दोनदा म्हटले. माणूस वाईट नाही. माझ्या पहिल्या वादळात त्यांनीच शांत आवाजात मला खाली आणलं होतं. म्हणूनच जास्त चीड येते.

१५ फेब्रु.

आवाज नोंदवणारं यंत्र त्या विमानात दोन तासांचं आहे. दोन तासांनंतर जुन्यावर नवा आवाज चढतो. सेन्सर बदलून तेच विमान दुपारी उडालं. माझे शब्द कुठल्या तरी समुद्रावर दुसऱ्यांच्या बोलण्याखाली गेले.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की नोंद जपून ठेवा. मी प्रवाशांची माफी मागत दारात उभी होते.

इंजिनचे आकडे सगळे आहेत. शून्य किती सेकंद होतं, स्विच कधी हलला. आकड्यांत एवढंच दिसतं की एका हाताने एक स्विच हलवला.

१६ फेब्रु.

शेख.

खाली हेडसेट लावून होता तो. कॅप्टनचा माइक त्याच्यासाठी उघडा होता. मी कॅप्टनपासून दीड हातावर. त्याला ऐकू गेलं असणार.

एक महिना हे सुचलं नाही. वरच्यांच्या साक्षी मोजत बसले.

१७ फेब्रु.

नंबर मिळवला. फोन उचलला नाही. संध्याकाळी मेसेज: मॅडम नंतर बोलतो.

१९ फेब्रु.

शिवजयंती. मिरवणुकीत दोन डीजे, एक चौकात, एक स्टँडवर. फोन आला असता तरी ऐकू आला नसता. आला नाही. दर दहा मिनिटांनी बघत होते.

२१ फेब्रु., शनि.

आप्पा वरच्या तुकड्यात पाण्याची दारं धरायला गेले. जाताना म्हणाले, लाईट आली की हिरवं दाब, पाइपाला हात लावून उभी ऱ्हा. पानी आलं की पाइप गार लागतो. न्हाय लागला तर लाल.

मोटार जळाल्यापासून त्यांची ही पद्धत. एक हात पाइपावर, एक लाल बटणापाशी. पाणी येईपर्यंत हात काढायचा नाही. आम्हीही तसंच शिकलो: इंजिन स्थिर होईपर्यंत हात स्विचजवळ. कोणी कोणाकडून घेतलं नाही.

बाराला लाईट आली. हिरवं दाबलं. मोटार सुरू झाली. पाइपावर हात. उन्हाने तापलेला. मनात आकडे. वीस. तीस. पाइप गरमच. मोटारीचा आवाज मला कोरडा वाटला. चाळीसला लाल दाबलं.

आप्पा बांधावरून आले, घाईत नाहीत. पाइपाशी वाकले, काडी घातल्यासारखं बोट जोडाच्या फटीत घातलं, ओलं निघालं. “पानी चढत होतं. हिरीत कमी झालंय म्हणून दमानं येतंय. अजून पंधरा-वीस मोजली असतीस तर आलं असतं.”

“म्हणजे मी घाई केली.”

माझ्याच तोंडून निघाला तो शब्द. कोणी दिला नव्हता.

आप्पांनी हिरवं दाबलं. पाइप गार पडेपर्यंत आम्ही दोघं हात लावून उभे होतो. पडला. मग म्हणाले, “घाई कशाची. बंद केलेली परत चालू करता येती. जळालेली येती का?”

२२ फेब्रु.

झोप लागली नाही. सेकंद मोजत होते. इंजिन स्थिर झालं ते आणि स्विच ते, मधे अकरा सेकंद. आकड्यांच्या कागदावर आहे. अकरा सेकंदांत दोनदा सांगितलं, एकदा उत्तर ऐकलं. मॅन्युअलमध्ये थांबा असं लिहिलेलं नाही. किती थांबा तेही नाही. स्थिर झालं, दाब नाही, बंद करा.

तरी. सेन्सर खोटा होता. अजून दहा सेकंद थांबले असते तरी शून्यच दिसलं असतं. वीस थांबले असते तरी. त्याला कितीही वेळ दिला असता तरी तो खोटंच बोलणार होता. मग घाई कुठल्या सेकंदाला झाली ते मला कोणीतरी दाखवावं.

मेलमध्ये हाच प्रश्न विचारला. साहेबांना.

२३ फेब्रु.

उत्तर: मुदत २८ तारखेची आहे.

२५ फेब्रु.

शेखचा फोन. सकाळी सात, ड्यूटीवर जाण्याआधी. तो मूळचा तामलवाडीकडचा निघाला, वडील तिथे गवंडी होते. पाच मिनिटं पावसापाण्याचंच बोलला. मी बोलू दिलं.

मग, “मॅडम, मी ऐकलं होतं. दोन्हीदा. मला वाटलं आता कॅप्टनसाहेब बंद करतील. त्यांनी मला विचारलं, खाली सगळं ठीक ना. मी म्हटलं, खाली ठीक. खाली ठीकच होतं.”

“शेखभाऊ, हे लिहून द्याल?”

मागे कुकरची शिट्टी. कोणीतरी डबा झाला म्हणून हाक मारली.

“माझं काँट्रॅक्ट मार्चला रिन्यू होतं, मॅडम. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही. आपणहून...”

“कळलं.”

“राग आला का?”

“तुमचा नाही.”

फोन ठेवल्यावर दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. त्याचाही आला होता. खोटं बोलले.

विचारलंच नाही. चौकशी करणारे तीन जण, तीन बैठका, आणि ज्याच्या कानात ते शब्द गेले त्याला एक फोन नाही.

२६ फेब्रु.

आई देवापुढे वाती वळत होती. म्हणाली, “कर की सही. दोन अक्षरं हायत. तुला इमानात बसायचंय का भांडायचंय?”

“बसायचंय.”

“मंग?”

“सही केली तर मी घाबरले असं होईल. पुढच्या वेळी शून्य दिसलं तर माझाच हात थांबेल.”

वाती वळून झाल्या. तिने हात पदराला पुसले. “कुणाला कळंल?”

“मागे तीनशे माणसं असतील.”

जेवताना तिने ताटात तूप जास्त वाढलं. ते तिचं उत्तर की नुसतं तूप, माहीत नाही.

२८ फेब्रु., शनि.

त्यांचा मजकूर बाजूला ठेवला. माझा लिहिला. पाच वाक्यं.

इंजिन स्थिर झाल्यावर तेलाचा दाब शून्य होता. मी कॅप्टनना दोनदा सांगितलं. त्यांनी ऑटोस्टार्ट बघेल असं उत्तर दिलं. ऑटोस्टार्ट तेलाचा दाब बघत नाही, म्हणून मी मॅन्युअलप्रमाणे इंधन बंद केलं. हे बोलणं तिसऱ्या माणसाने हेडसेटवर ऐकलं आहे; खाली कोण उभं होतं हे कंपनीला माहीत आहे, त्याला विचारावं.

शेखचं नाव घातलं नाही. घातलं नाही तरी घातल्यासारखंच आहे, हे कळतंय. अर्धा तास त्या वाक्यावर बसले. तीनदा काढलं. पाठवण्याआधी त्याला फोन करून वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, “विचारू द्या त्यांना.” आवाज असा की हो म्हणाला की हरला ते कळेना. मी आणखी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

खेद आहे, हे कुठेही लिहिलं नाही.

११.४० ला पाठवलं. १२.१० पर्यंत उत्तर नाही. ते शनिवारी कशाला बघतील.

रानात आले. ही नोंद विहिरीवर, पेटीच्या सावलीत. आप्पा वरच्या तुकड्यात. आत्ता लाईट आली, हिरवं दाबलं. डाव्या हाताने लिहिता येत नाही म्हणून डावा पाइपावर. लाल बटण पेटीत, हातभर वर. वही मिटली की उजवा तिथे.

मोजते आहे. बत्तीस. पाइप अजून कोमट. वही मिटते.